दोन मिनिटं थांबून लाल दिवा ओलांडू देणारा कायदा: चांगला की वाईट, हे ठरवायचं कसं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात पहाटेच्या पाळीला मोटारसायकलने जाता, वाटेतला एक सिग्नल तुमच्यासाठी सुटतच नाही, आणि १२० सेकंद थांबून, इतरांना आधी जाऊ देऊन पुढे जायची मुभा तिथला कायदा देतो. तुमचे सहकारी याला 'सिग्नल तोडण्याचा परवाना' म्हणतात. तुमचं म्हणणं, इतकी वर्षं कायदा आहे आणि अपघात वाढल्याचं कुठे ऐकलं नाही, म्हणजे तो सुरक्षित आहे. दोघांत बरोबर कोण?

माझं काम सिग्नलचं टायमिंग बसवण्याचं आणि चौकांच्या सुरक्षिततेच्या तपासण्या करण्याचं आहे. म्हणून आधीच सांगतो, निष्कर्षात मी तुमच्या बाजूचा आहे. पण तुम्ही दिलेलं कारण मला पटत नाही. अपघात ऐकू आले नाहीत यावरून या कायद्याबद्दल जवळजवळ काहीच कळत नाही. का, ते सांगण्याआधी सिग्नल तुम्हाला ओळखत का नाही, ते बघू. कायद्याचं मोल बरंचसं त्यावर ठरतं.

अमेरिकेत मुख्य रस्त्याला मिळणाऱ्या बऱ्याच आडव्या रस्त्यांच्या सिग्नलला गाडी आल्याशिवाय हिरवा मिळत नाही. गाडी आली हे कळण्यासाठी डांबरात खाच पाडून तारेचे वेढे पुरलेले असतात. त्याला आम्ही लूप म्हणतो. त्यातून उच्च वारंवारतेचा प्रवाह खेळत असतो. वर धातूचा मोठा पत्रा आला की त्या धातूत भोवरे प्रवाह तयार होतात, लूपचं इंडक्टन्स किंचित घटतं आणि डिटेक्टर कंट्रोलरला, म्हणजे दिवे चालवणाऱ्या यंत्राला, कळवतो की कोणीतरी उभं आहे. यात वजनाचा काहीही संबंध नाही. गंमत म्हणजे इलिनॉयच्या कायद्याच्या मजकुरातच वाहनाच्या 'आकारामुळे किंवा वजनामुळे' सिग्नलला ते ओळखता आलं नाही तर, असे शब्द आहेत. आकार ठीक आहे, वजन नाही. शंभर किलोचा माणूस सायकलवर बसला म्हणून लूपला काही फरक पडत नाही. फरक पडतो तो तारेच्या जवळ किती धातू, कोणत्या दिशेने आला याचा.

आता यातला महत्त्वाचा भाग. लूपची तार तुटली की डिटेक्टर सहसा 'गाडी कायम उभी आहे' असंच गृहीत धरतो. म्हणजे बिघडलेल्या लूपमुळे उलट नको तेव्हाही हिरवा मिळत राहतो. तुमचा सिग्नल सुटत नाही तो बहुधा बिघडल्यामुळे नव्हे. लूप धडधाकट आहे, मोटारींना व्यवस्थित ओळखतो, फक्त त्याची संवेदनशीलता मोटारींपुरती बसवलेली आहे. दिवसा हे कोणाच्या लक्षातही येत नाही, कारण तुमच्या मागे मोटार येऊन उभी राहते आणि तिच्यामुळे सिग्नल सुटतो. पहाटे मागे कोणी नसतं. थोडक्यात, ज्या वेळी चौक सर्वांत रिकामा असतो नेमकी त्याच वेळी ही अडचण येते, आणि कायदा वापरला जातो तोही त्याच वेळी.

संवेदनशीलता वाढवून का ठेवत नाहीत, असं तुम्ही विचाराल. फार वाढवली की लूप शेजारच्या लेनमधली गाडीही पकडतो, कोणी नसताना आडव्या रस्त्याला हिरवा देतो आणि मुख्य रस्त्यावरच्या सलग हिरव्या दिव्यांची साखळी तुटते. मध्यम मार्ग असतो, पण त्यासाठी कोणीतरी सिग्नलच्या पेटीपाशी जाऊन, खरीखुरी सायकल किंवा मोटारसायकल लूपवर उभी करून तो बसवावा लागतो. तेवढा वेळ बऱ्याच ठिकाणी दिला जात नाही, हे खरं दुखणं.

आता कायद्याकडे. न सुटणारा लाल दिवा ओलांडू देणाऱ्या अशा कायद्यांना 'डेड रेड' म्हणतात, पण या एका नावाखाली बऱ्याच वेगवेगळ्या गोष्टी मोडतात. त्यामुळे 'असे कायदे चांगले का' याचं एकच एक उत्तर देता येत नाही. मिनेसोटाने २००२ साली केलेल्या कायद्यात हा हक्क नाही, तो बचावाचा मुद्दा आहे. पोलीस तुम्हाला चलान देऊ शकतात. मग तुम्ही पूर्ण थांबला होता, दिवा अवाजवी वेळ लाल राहिला, सिग्नल बिघडलेला दिसत होता किंवा त्याने तुम्हाला ओळखलं नाही, आणि धोका होईल इतक्या जवळ कोणतंही वाहन किंवा माणूस नव्हता, हे सगळं तुम्ही दाखवायचं. इलिनॉयमध्ये मजकूर पुढे जाण्याच्या हक्काचा आहे. पेनसिल्व्हेनियाने २०१६ मध्ये केलेला बदल मोटारसायकलींपुरता न राहता सगळ्याच वाहनांना लागू होतो. पुराव्याचा भार कोणावर, एवढ्या एका फरकाने स्वाराची वागणूक बदलते. चलान मिळू शकतं हे माहीत असलेला माणूस जास्त वेळ थांबतो आणि जास्त नीट बघतो. माझा कल मिनेसोटाच्या रचनेकडे आहे. स्वारांना ती आवडत नाही, हेही मला माहीत आहे.

दुसरा फरक वेळेचा. विस्कॉन्सिनमध्ये ४५ सेकंद, युटामध्ये ९०, इलिनॉयमध्ये १२०, नॉर्थ कॅरोलिनात ३ मिनिटं. व्हर्जिनियात सिग्नलची दोन पूर्ण आवर्तनं (सगळ्या दिशांची पाळी एकदा होऊन गेली की एक आवर्तन) किंवा १२० सेकंद, यातलं जे आधी होईल ते. बाहेरून बघणाऱ्याला हे आकडे मनाला येईल तसे धरल्यासारखे वाटतात, आणि काहीसे ते आहेतच. मोठ्या चौकात गर्दीच्या वेळी पूर्ण आवर्तन १२० ते १५० सेकंदांचं असणं अगदी नेहमीचं आहे. अशा चौकात आडव्या रस्त्याला १०० सेकंद लाल दिसतो तेव्हा सिग्नल बरोबर काम करत असतो. तिथे ४५ सेकंदांची मर्यादा म्हणजे चालू सिग्नलला बिघडलेला ठरवणं. विस्कॉन्सिनने ते ओळखून जास्तीच्या अटी घातल्या आहेत: सिग्नल सुरू करायला चौकात दुसरं वाहन नसावं, आणि हा सिग्नल गाडी ओळखून चालणारा आहे असं स्वाराला सयुक्तिक कारणाने वाटलं पाहिजे. म्हणजे नुसते सेकंद वाचून कोणता कायदा सैल आणि कोणता कडक हे ठरवू नका, अटींसकट वाचा.

मला विचाराल तर मोजमाप सेकंदांत नकोच, आवर्तनांत हवं. आडव्या रस्त्याची पाळी यायला हवी होती तिथे ती आली नाही, सिग्नल तुम्हाला वगळून पुन्हा मुख्य रस्त्याकडे गेला, असं दोनदा बघितलं की तुमच्याकडे पुरावा असतो. घड्याळ बघून पुरावा मिळत नाही. पहाटे मात्र अडचण अशी की आडव्या बाजूला कोणीच नसेल तर मुख्य रस्त्याचा हिरवा तसाच राहतो, आवर्तनं दिसतच नाहीत. म्हणून व्हर्जिनियासारखी दोन्हींची जोड व्यवहारात बरी पडते.

लाल दिवा लांबण्यामागे सिग्नलची खोड नसून चांगलं कारणही असू शकतं. जवळून रेल्वे जात असेल तर गाडी येण्याआधी सिग्नल ठरावीक दिशांना रोखून धरतो. अग्निशमन दलाची गाडी येत असेल तर तिच्यासाठी बाकीच्यांना लाल मिळतो. पादचाऱ्याने बटण दाबलेलं असतं. सिग्नलला जे माहीत आहे ते स्वाराला दिसेलच असं नाही. रूळ शेजारी असलेल्या चौकात ही मुभा असू नये, यावर मी ठाम आहे.

आता धोक्याचं गणित. लाल दिवा तोडणाऱ्यांबद्दल आपण सहसा बोलतो ते पिवळा संपल्यावर एक-दोन सेकंदांत घुसणाऱ्यांबद्दल. त्या वेळी सगळीकडे क्षणभर लाल असतो, आडवी वाहनं अजून हललेली नसतात. तुम्ही दोन मिनिटांनी निघता तेव्हा परिस्थिती वेगळी असते. समोरच्या आडव्या वाहनांना पक्का हिरवा आहे, ती पूर्ण वेगात आहेत आणि तुम्ही मध्ये याल अशी त्यांना अपेक्षाच नाही. तुमचं रक्षण करायला सिग्नल उरलेला नाही, फक्त तुमचे डोळे आहेत.

चार लेनचा रस्ता धरा, प्रत्येक लेन १२ फुटांची. थांब्याच्या रेषेपासूनचं अंतर आणि मोटारसायकलची लांबी धरून पार करायचं अंतर साधारण ६५ फूट. बेताच्या वेगवाढीने त्याला साडेचार सेकंद लागतात. दोन्हीकडे बघून निघायला दोन सेकंद धरा. झाले साडेसहा. ताशी ४५ मैलांनी येणारी मोटार तेवढ्या वेळात ४३० फूट येते. ताशी ३० मैलांच्या रस्त्यावर हेच अंतर २९० फुटांच्या आत येतं. सायकलस्वाराला दोन सेकंद जास्त धरले, म्हणजे साडेआठ, तर ४५ मैलांच्या रस्त्यावर त्याला सुमारे ५६० फूट मोकळं दिसायला हवं. वळण, चढ, पार्क केलेला ट्रक किंवा पहाटेचं धुकं असेल तर इतकं दिसत नाही. मग कायदा मुभा देत असला तरी ती वापरण्याजोगी नसते. एकच कायदा दोन लेनच्या गावातल्या रस्त्यावर निरुपद्रवी आणि वेगवान सहा लेनच्या रस्त्यावर भयंकर ठरू शकतो. चौकाची जात न बघता सगळ्या राज्याला एकच नियम लावणं हा अशा बहुतेक कायद्यांचा कच्चा दुवा आहे.

आता तुमच्या मुद्द्याकडे येतो, अपघात वाढले नाहीत याकडे.

पहिली अडचण मोजण्याचीच आहे. मी हाताळलेल्या अपघात-अहवालांत 'सिग्नलचं पालन केलं नाही' असा रकाना असतो. 'कायद्याने दिलेली वेळ थांबून मग निघाला' असा रकाना नसतो. त्यामुळे दोन मिनिटं थांबलेला स्वार आणि बेफिकीर घुसलेला स्वार आकडेवारीत एकाच ठिकाणी जातात. दुसरी अडचण म्हणजे भाजक माहीत नसतो. ही मुभा राज्यात वर्षाला किती वेळा वापरली जाते, हे कोणी मोजत नाही. अपघात शून्य, पण कितीपैकी शून्य?

समजा तुम्हाला तो आकडा मिळाला: १०,००० वेळा लोक असे गेले आणि एकही अपघात झाला नाही. संख्याशास्त्रातला एक साधा ठोकताळा आहे. एखादी गोष्ट अनेक वेळा करूनही वाईट घटना एकदाही घडली नाही, तर ९५ टक्के खात्रीने इतकंच म्हणता येतं की धोका तीन भागिले त्या वेळा, याहून कमी आहे. म्हणजे १०,००० मध्ये ३ पेक्षा कमी. ऐकायला कमी वाटतं. पण वर्षात २५० दिवस कामावर जाणाऱ्या माणसाला रोज असं करावं लागलं तर तेवढ्याच पुराव्यावर त्याचा वर्षाचा धोका सात टक्क्यांच्या वर असण्याची शक्यताही नाकारता येत नाही. तो तितका आहे असं मी म्हणत नाही, माझ्या अंदाजाने तो खूपच कमी असावा. मुद्दा एवढाच की क्वचित घडणाऱ्या गोष्टीत 'काही झालं नाही' हा फार दुबळा पुरावा असतो.

सायकलींच्या बाबतीत यापेक्षा बरा वाटणारा आकडा सांगितला जातो. आयडाहोने १९८२ मध्ये सायकलस्वारांना 'स्टॉप'च्या पाट्यांवर न थांबता, हळू होऊन पुढे जायची मुभा दिली, आणि पुढच्या वर्षी सायकलस्वारांच्या जखमा १४.५ टक्क्यांनी घटल्या. हा आकडा या वादात हमखास निघतो. मला तो कायदा आवडतो, तरी या आकड्यावर मी भिस्त ठेवणार नाही. एका वर्षाची तुलना एका वर्षाशी केली तर आधीचं वर्ष योगायोगाने वाईट होतं की नंतरचं योगायोगाने चांगलं, हे सांगता येत नाही. शेजारच्या, कायदा न बदललेल्या राज्यात त्याच काळात काय झालं, लोक सायकल कमी चालवू लागले का, हवामान कसं होतं, हे सगळं विचारावं लागतं. आमच्या धंद्यात याच चुकीने कितीतरी निकामी उपाय यशस्वी ठरवले गेले आहेत. एका वर्षी तीन अपघात झालेल्या चौकात काहीही करा, पुढच्या वर्षी बहुतेक वेळा कमीच होतात.

मग असा कायदा पुरेशा पुराव्यावर जोखता येतच नाही का? येतो, जिथे वापर प्रचंड आहे तिथे. लाल दिव्यावर थांबून मग उजवीकडे वळू देणारा नियम घ्या (अमेरिकेत वाहनं उजव्या बाजूने चालतात, त्यामुळे हे आपल्याकडच्या डावीकडे वळण्यासारखं झालं). पूर्वेकडच्या बऱ्याच राज्यांत तो नव्हता. तेलाच्या टंचाईनंतर १९७५ च्या संघीय ऊर्जा कायद्याने तो राज्यांच्या इंधनबचतीच्या योजनांत आणि त्यामागच्या मदतीच्या अटींत घातला, आणि १९८० पर्यंत तो देशभर पोचला. इथे राज्यांनी वेगवेगळ्या वर्षी बदल केल्यामुळे तुलना करता आली. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीच्या अभ्यासांत उजवीकडे वळणाऱ्या वाहनांचे पादचाऱ्यांशी होणारे अपघात कमीत कमी ४० टक्क्यांच्या आसपास वाढलेले दिसले, काही ठिकाणी त्याहून बरेच जास्त. कारणही समजण्यासारखं आहे. चालक डावीकडून येणाऱ्या मोटारींत फट शोधत असतो आणि उजवीकडून पादचारी रस्त्यात उतरलेला असतो.

त्याच नियमावर संघीय वाहतूक-सुरक्षा संस्थेने १९९५ मध्ये अमेरिकी संसदेला दिलेला अहवाल म्हणतो की असं वळण जिथे करता येतं तिथे उजवीकडे वळणाऱ्या वाहनांचे प्राणघातक अपघात १९८२ ते १९९२ मध्ये मिळून ८४ होते, आणि त्या वेळी दिवा लाल होता की नाही, हेही त्या नोंदींतून कळत नव्हतं. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. सगळ्या रस्ता-अपघातांत हा वाटा नगण्य आहे, आणि त्याच कोपऱ्यावर चालणाऱ्या माणसासाठी वाढ मोठी आहे. कोणाला कोणता आकडा पुढे करावासा वाटतो त्यावरून तो मोटारीत बसून बोलतोय की पायी चालत, हे कळतं. दाट वस्तीच्या शहरांत या वळणावर बंदीच हवी, असं माझं मत आहे. न्यूयॉर्क शहरात, मुभेची पाटी नसेल तिथे, ती बंदी पहिल्यापासून आहे, आणि वॉशिंग्टन शहराच्या परिषदेने २०२२ मध्ये तसा कायदा मंजूर केला.

हे उदाहरण मुद्दाम दिलं, कारण तुमच्या सहकाऱ्यांचा आक्षेप त्या नियमाला जास्त लागू पडतो. तिथे सोय सगळ्यांची आहे, वापर दिवसभर आणि गर्दीच्या वेळी आहे, आणि धोका पत्करतो तो दुसराच, पायी चालणारा. तुमच्या कायद्यात वापर रिकाम्या चौकात आहे, पर्याय जवळजवळ नाही, आणि चूक झाली तर हाडं प्रामुख्याने निर्णय घेणाऱ्याचीच मोडतात. प्रामुख्याने म्हणालो, कारण काळोखात रस्ता ओलांडणारा पादचारी तिथेही असू शकतो. धोका कोण घेतो आणि फायदा कोणाला मिळतो, हा प्रश्न मी अशा प्रत्येक नियमाला पहिल्यांदा विचारतो.

एखाद्या राज्याने मला हा कायदा जोखायला सांगितला तर अपघातांच्या वाट्याला मी शेवटी जाईन. आधी निवडक चौकांत मोटारसायकल आणि सायकल घेऊन लूप तपासेन: कितींवर ती ओळखलीच जात नाही? मग त्या चौकांत कॅमेरा लावून बघेन, लोक प्रत्यक्षात किती थांबतात, निघताना आडवं वाहन किती सेकंदांवर होतं, कोणाला ब्रेक मारावा लागला का. अपघात होण्याची वाट न बघता थोडक्यात टळलेले प्रसंग मोजता येतात, आणि ते बरेच जास्त असल्यामुळे निष्कर्षही लवकर निघतो. ज्या चौकात लाल दिव्याचा कॅमेरा आहे तिथे दिवा लाल होऊन किती वेळ झाला होता याची नोंद असतेच. ०.८ सेकंदाला घुसलेला आणि १३० सेकंदांनी निघालेला यांना त्यावरून सहज वेगळं करता येतं. शेवटी एक प्रश्न, जो फारसा कोणी विचारत नाही: कायदा झाल्यावर लूप दुरुस्त करण्याचं काम वाढलं की मंदावलं? कारण माझी खरी भीती ती आहे. मुभा दिली की तक्रारी थांबतात, आणि तक्रारी थांबल्या की लूपकडे कोणी बघत नाही.

कॅलिफोर्नियाने २००७ च्या कायद्याने दुसरी वाट धरली. वाहन ओळखून चालणारा नवा सिग्नल बसवताना किंवा जुन्याचं डिटेक्शन बदलताना त्याने सायकली आणि मोटारसायकली ओळखल्याच पाहिजेत, अशी सक्ती केली. हळू जाणारी वाट आहे, जुने चौक वर्षानुवर्षं तसेच राहतात. पण चुकणारं यंत्र सुधारायची जबाबदारी ती यंत्राच्या मालकावर ठेवते. दोन्ही एकत्र असावेत, मुभा तात्पुरती आणि सक्ती कायमची, असं मला वाटतं.

तुमच्या चौकापुरतं सांगायचं तर आधी लूप शोधा. डांबरात काळ्या डांबरी पट्ट्यांनी बुजवलेल्या खाचांचा चौकोन किंवा वर्तुळ दिसेल. बहुतेक जण त्याच्या बरोबर मध्यभागी थांबतात, आणि साध्या चौकोनी लूपमध्ये मोटारसायकलसाठी ती सर्वांत वाईट जागा असते. चाकं कडेच्या खाचेवर, तिच्या लांबीच्या दिशेत ठेवा. चौकोनाच्या मधोमध तिसरी खाच असेल तर तिच्यावर थांबा. गाडीखाली लावायची चुंबकं विकतात, त्यावर पैसे घालवू नका. लूप चुंबकत्व मोजत नाही. इंजिन बंद-चालू करण्यानेही काही होत नाही.

तरीही सुटला नाही तर रस्ता ज्या खात्याच्या ताब्यात आहे त्याला कळवा (राज्य, काउंटी की गाव, ते सिग्नलच्या पेटीवर सहसा लिहिलेलं असतं). 'सिग्नल खराब आहे' एवढंच लिहिलंत तर तंत्रज्ञ दुपारी मोटारीने येईल, त्याला लगेच हिरवा मिळेल आणि तक्रार बंद होईल. म्हणून कोणत्या दिशेची कोणती लेन, किती वाजता, मोटारसायकल कुठे उभी होती, आणि मागे मोटार आल्यावर सुटतो की नाही, हे लिहा. शेवटचं वाक्य सर्वांत कामाचं. त्यावरून कळतं की लूप जिवंत आहे, फक्त संवेदनशीलता वाढवायची आहे. आणि तोवर लूप बदलता येत नसेल तर रात्रीच्या वेळात त्या दिशेला ठरावीक वेळाने आपोआप हिरवा देण्याची सोय कंट्रोलरमध्ये असते, ती लावायला सांगा.